गाथा कोणी तारली?

'नागरी समाज' हा शब्द अलीकडे आपल्या परिसंवादांतून आणि अभ्यासक्रमांतून फार सैलपणे वापरला जातो. शासन आणि कुटुंब यांच्या मधल्या जागेत उभ्या असलेल्या संस्था, मंडळे, संघटना, वृत्तपत्रे म्हणजे नागरी समाज. आणि शासनाने माणसाच्या हक्कांवर घाला घातला की हा समाज त्याच्या बाजूने उभा राहतो, अशी त्याची पाठ्यपुस्तकी व्याख्या आहे. मी हा विषय वर्गात शिकवतो. ही व्याख्या फळ्यावर लिहिताना मला ती नेहमीच अपुरी वाटत आली आहे. तिच्यात समाज आधीच निर्दोष धरलेला आहे. घाला घालणारे ते शासन आणि रक्षण करणारा तो समाज! आमचा अनुभव असा नाही. आमच्या बापजाद्यांना पाणवठ्यावरून हाकलले ते फौजदाराने नव्हे, गावाने. मला नोकरी लागल्यावर याच पट्ट्यात भाड्याची खोली शोधताना आडनाव सांगितले की घरमालकाला अचानक भाचा राहायला येणार असल्याची आठवण व्हायची, तेव्हाही तेथे कोणतेही शासन उभे नव्हते. सुशिक्षित, वर्गणी देणारा, मंडळाचा पदाधिकारी असलेला समाजच तेथे उभा होता.

ग्राम्शी या इटालियन विचारवंताने नागरी समाजाकडे असे भाबडेपणाने पाहिले नाही. राज्यसंस्था हा बाहेरचा खंदक असेल तर नागरी समाज ही त्यामागची भक्कम तटबंदी आहे, आणि प्रस्थापितांची सत्ता या तटबंदीवर टिकते, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. तट कसा असतो हे आम्हाला ग्राम्शीकडून शिकायची गरज नव्हती. आम्ही त्याला गावकूस म्हणत आलो. तरीही एक प्रश्न उरतोच. तटबंदी इतकी भक्कम होती, तर काही हक्क वाचले ते कसे? ते कोणी वाचवले? या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी मी राहतो आणि शिकवतो त्याच परिसरातली, देहूची, एक सर्वतोमुखी असलेली कथा तपासायला घेत आहे.

कथा सर्वांना ठाऊक आहे. तुकोबा (१६०८-१६५०) कुणबी घरातले, वाण्याचा व्यवहार करणारे, वर्णव्यवस्थेच्या हिशेबात शूद्र. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झाले. पुढे त्यांनी आपल्या वाट्याची सावकारीची खते इंद्रायणीत बुडवली, असे परंपरा सांगते. ज्या नदीत त्यांनी दुसऱ्यांचे कर्ज बुडवले, त्याच नदीत त्यांचे शब्द बुडवायला लावले गेले. शूद्राने वेदांचा अर्थ प्राकृतात सांगावा आणि ब्राह्मणांनी त्याच्या पाया पडावे, हा तो गुन्हा. वाघोलीच्या रामेश्वरभट्टाने निवाडा दिला आणि वह्या पाण्यात गेल्या. तुकोबा तेरा दिवस निर्वाण मांडून बसले आणि वह्या कोरड्या वर आल्या.

आजच्या परिभाषेत बोलायचे तर येथे विचाराच्या आणि अभिव्यक्तीच्या हक्काची पायमल्ली झाली. पण ती कोणी केली? त्या निवाड्याला एखाद्या अंमलदाराचा हात लागला असेल किंवा नसेल, त्यामागची खरी शक्ती शास्त्राची आणि समाजमान्यतेची होती. तक्रार करणारे प्रतिष्ठित होते, निवाडा देणारे विद्वान होते, आणि वह्या बुडताना काठावर बघत राहिलेले लोक गावचे सभ्य गृहस्थच होते. सतराव्या शतकातल्या देहूचा 'नागरी समाज' म्हणतात तो हाच. बुडवणारा तो होता.

आता ही कथा पुढे कशी सांगितली गेली ते पाहा. महिपतीने अठराव्या शतकात आपल्या संतचरित्रांतून ती भक्तिभावाने सांगितली. १९३६ साली 'प्रभात'ने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' हा चित्रपट काढला. त्याचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, आणि विष्णुपंत पागनीसांचा चेहरा म्हणजेच तुकोबांचा चेहरा असे महाराष्ट्राने मानले. चित्रपट म्हणून त्याची थोरवी मी नाकारत नाही. त्यातली आवली आजही जिवंत वाटते. परंतु हक्काच्या दृष्टीने पाहिले तर या कथनाने दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे छळाची सगळी जबाबदारी एका दुष्टाच्या डोक्यावर ठेवली. चित्रपटातला सालोमालो हा ढोंगी, मत्सरी, हास्यास्पद माणूस आहे. तो दूर झाला की सारे ठीक होईल असे प्रेक्षकाला वाटते, आणि ज्या व्यवस्थेने सालोमालोला अधिकार दिला ती निर्दोष सुटते. दुसरी गोष्ट अधिक घातक आहे. वह्या तारण्याचे श्रेय चमत्काराला दिले गेले. खलनायक एक आणि तारणहार देव. मधला समाज कथेतून नाहीसा झाला. बुडवणारा समाजही दिसत नाही आणि वाचवणारा समाजही दिसत नाही.

वाचवणारा समाज होता. वह्या बुडाल्या तरी अभंग लोकांच्या तोंडी राहिले होते, हे स्पष्टीकरण नवे नाही. अनेक अभ्यासकांनी ते मांडले आहे. मला त्याच्या पुढे जायचे आहे. लोकांच्या तोंडी असणे ही आपोआप घडणारी गोष्ट नाही. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, तरी तिला तुकोबांचे पन्नासेक अभंग पाठ होते. ते तिला कोणीतरी, कुठल्यातरी ओट्यावर, रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षे शिकवले होते. पाठांतरामागे संघटना असते. तुकोबांच्या मागे चौदा टाळकरी होते असे परंपरा मानते. त्यांतले संताजी जगनाडे चाकणचे, जातीने तेली. सुदुंबऱ्याला त्यांची समाधी आहे. त्यांनी अभंग लिहून ठेवले, आणि त्यांच्या हातची म्हणून ओळखली जाणारी वही आज गाथेच्या अभ्यासाचे एक प्रमुख साधन आहे. ज्याला शास्त्राने लेखणीचा अधिकार दिला नव्हता, त्या घाणा चालवणाऱ्या जातीतल्या माणसाने नोंद ठेवली. गाथा तारली ती या नोंदीने आणि त्या टाळांनी. देवाला श्रेय देऊन आपण संताजींचे श्रम बुडवले आहेत. हे दुसरे बुडवणे पहिल्यापेक्षा सभ्य आहे एवढेच.

बहिणाबाईंचेही तसेच. ब्राह्मण घरातली ही स्त्री शूद्राला गुरू करते म्हणून घरात मार खाते, आणि देहूला येऊन मंबाजीच्या रोषाला सामोरी जाते. तिने आपल्या आत्मपर अभंगांत हे सर्व नोंदवून ठेवले आहे. तिच्या या रचनेकडे आपले समीक्षक भक्तिकाव्य म्हणून पाहतात. मी तिच्याकडे साक्षीदाराचा जबाब म्हणून पाहतो. छळ होत असताना तेथे हजर असलेल्या, स्वतःच्या जातीचे संरक्षण झुगारलेल्या माणसाचा तो जबाब आहे. असा जबाब देणारे कोणी असेल तरच अन्यायाला पुढे अन्याय म्हणता येते. नाहीतर तो गैरसमज ठरतो. खुद्द रामेश्वरभट्ट पुढे तुकोबांचा शिष्य झाला, तुकोबांची आरती त्याच्याच नावावर आहे. निवाडा देणाऱ्याचे मनही पालटू शकते, हे मी मान्य करतो. परंतु ते पालटले ते गाणारे गात राहिले म्हणून. टाळ थांबले असते तर पश्चात्ताप करण्याजोगे काही शिल्लकच राहिले नसते.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग वारकरी संप्रदाय हाच आमचा आदर्श नागरी समाज झाला. तसे नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराच्या पायरीपाशी आहे, आणि त्यांच्या जातभाईंना ती पायरी ओलांडायला १९४७ साल उजाडावे लागले. त्यासाठी साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. म्हणजे चोखोबांचे अभंग सहाशे वर्षे आत गायले जात होते आणि चोखोबांची माणसे बाहेर उभी होती. शब्द स्वीकारायचे आणि माणूस नाकारायचा, ही आपल्या नागरी समाजाची खास कला आहे.

बाबासाहेबांनी ही कला नेमकी ओळखली होती. त्यांनी तुकोबांना नाकारले नाही. ३१ जानेवारी १९२० ला निघालेल्या 'मूकनायका'च्या शिरोभागी तुकोबांचाच अभंग होता. मुक्या माणसाला जगात कोणी वाली नसतो, तेव्हा भीड सोडून बोलले पाहिजे, हा त्या अभंगाचा रोख त्यांनी आपल्या पत्राचे धोरण म्हणून घेतला. १९४३ साली पुण्यात गोखले सभागृहात रानडे यांच्यावर बोलताना त्यांनी हक्कांविषयी एक मूलभूत सिद्धांत मांडला. हक्कांचे रक्षण कायदा करत नाही, समाजाची सामाजिक आणि नैतिक सदसद्विवेकबुद्धी करते; समाजाचाच हक्कांना विरोध असेल तर कोणताही कायदा, कोणतीही संसद आणि कोणतेही न्यायमंडळ ते हक्क प्रत्यक्षात आणू शकत नाही, असा त्याचा सारांश आहे. पुढे संविधान लिहिणाऱ्या माणसाला कायद्याची मर्यादा इतकी स्पष्ट दिसत होती. म्हणून ते केवळ कायद्यावर थांबले नाहीत. देहू गावापासून जवळच, देहूरोडला, २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याआधी बरोबर सत्तावीस वर्षांपूर्वी, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडला मनुस्मृती जाळली होती. पंढरपूरचा विठ्ठल मुळात बुद्धच आहे, हे मतही त्यांनी देहूरोडच्या भाषणात मांडले. त्याचा ऐतिहासिक निवाडा संशोधकांनी करावा. मला त्यातली भूमिका महत्त्वाची वाटते. दाराबाहेर ठेवलेल्यांनी आत घेण्याची विनंती करत बसू नये, स्वतःचा समाज, स्वतःची सदसद्विवेकबुद्धी उभी करावी, ही ती भूमिका आहे. माझे वडील देहूरोडच्या डेपोत मजूर होते. आमच्या वस्तीत पहिले वाचनालय, पहिला रात्रीचा वर्ग, पहिली अर्ज लिहून देणारी मंडळी त्या विहाराच्या आसऱ्याने उभी राहिली. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, त्यात त्या वर्गाचा वाटा आहे. आमच्यापुरता नागरी समाज तो होता.

आता गाथेच्या कथेतून काढलेली कसोटी आपल्या काळाला लावू. बुडवणारे कोण, नोंद ठेवणारे कोण, साक्ष देणारे कोण आणि काठावर उभे कोण?

२९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सुरेखा भोतमांगे आणि त्यांची मुलगी प्रियंका यांनी त्याआधीच्या एका मारहाणीच्या प्रकरणात आरोपींविरुद्ध साक्ष दिली होती. ते आरोपी जामिनावर सुटले आणि त्याच दिवशी हे हत्याकांड झाले. म्हणजे येथे मारले गेले ते साक्षीदार होते. सुशिक्षित, जमीन कसणाऱ्या, कोणाला न भिणाऱ्या बाईने साक्ष देण्याचा नागरिकाचा हक्क बजावला, त्याची ही शिक्षा. प्रकरण आठवडे उलटेपर्यंत दबून राहिले. ते वर आणले स्वतंत्रपणे गावात जाऊन चौकशी करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि रस्त्यावर उतरलेल्या आमच्या लोकांनी. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होतो असे मानले नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या. कागदावर खून राहिला आणि जात पुसली गेली. भैयालाल भोतमांगे २०१७ साली वारले.

त्याच काळात आमच्याकडे काय घडत होते? २००८ साली चाकणजवळच्या शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकल कंपनीचे संशोधन केंद्र येणार होते. भोपाळच्या १९८४ च्या वायुकांडाला जबाबदार असलेली युनियन कार्बाइड या कंपनीने विकत घेतलेली. जागा भामचंद्र डोंगराच्या परिसरातली, जेथे तुकोबा चिंतनाला बसत. गावकऱ्यांनी विरोध केला, वारकरी त्यात उतरले, आंदोलन पेटले, जाळपोळही झाली, आणि अखेर कंपनीला तो प्रकल्प सोडावा लागला. स्वच्छ पाणी आणि निर्धोक हवा हा मानवी हक्क आहे. तो राखण्यासाठी टाळकरी उठले याचा मला अभिमान वाटला. मी तेव्हा महाविद्यालयात शिकत होतो. पण दोनच वर्षांपूर्वी खैरलांजीसाठी आमच्या वस्तीतून निघालेल्या मोर्चात मला एकही टाळ ऐकू आला नव्हता. हा टोमणा नाही. माझ्या मुद्द्याचा हा गाभा आहे. या परिसरातला नागरी समाज झोपलेला नाही. तो उठतो, बलाढ्य कंपनीला परत पाठवण्याइतका उठतो. नदी मलीन झाली तर त्याला आपली नदी मलीन झाली असे वाटते. आमची बाई मारली गेली तर त्याला आपली बाई मारली गेली असे वाटत नाही. नागरी समाज आहे की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. तो कोणासाठी उठतो, हा खरा प्रश्न आहे.

तिसरे उदाहरण कायद्याचेच आहे. कराडच्या एका औषधनिर्माण महाविद्यालयातल्या कर्मचाऱ्याच्या तक्रारीतून निघालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी अत्याचार प्रतिबंधक कायद्याची धार बोथट करणारा निर्णय दिला. गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी, अटकेआधी वरिष्ठांची मंजुरी! २० मार्च हा महाडच्या चवदार तळ्याचा दिवस, हा योगायोग आपल्या लोकांच्या ध्यानात आल्यावाचून राहिला नाही. २ एप्रिलला भारत बंद झाला. काही राज्यांत त्यात माणसे मारली गेली. ऑगस्टमध्ये संसदेला कायदा दुरुस्त करावा लागला. २०१९ साली न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजी दुरुस्ती वैध ठरवली. कायद्याने समाजाचे रक्षण करावे ही अपेक्षा असते. येथे समाजाने कायद्याचे रक्षण केले. पण कोणत्या समाजाने? संपादकीये लिहिणाऱ्या, कायद्याच्या 'गैरवापरा'ची चिंता वाहणाऱ्या पांढरपेशा समाजाने नव्हे. ज्यांची नावे कोणत्याही परिसंवादाच्या पत्रिकेवर नसतात, त्यांनी.

या तिन्ही उदाहरणांवरून मी एवढेच म्हणतो की, हक्कांचे रक्षण करणारा समाज तयार मिळत नाही, तो घडवावा लागतो, आणि त्याची कामे ठरलेली आहेत: नोंद ठेवणे, साक्ष देणे, साक्षीदाराच्या पाठीशी उभे राहणे आणि निकाल लागेपर्यंत न थांबणे. महाडच्या पाण्याचा हक्क १९२७ साली बजावला, तो उच्च न्यायालयात शाबीत व्हायला १९३७ उजाडले. दहा वर्षे कागद सांभाळले गेले म्हणून ते झाले.

या कामासाठी आज कायद्यानेच जागा दिली आहे, आणि ती आपण रिकामी ठेवली आहे, ही माझी तक्रार आपल्याच लोकांशी आहे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने पीडितांना आणि साक्षीदारांना स्वतंत्र हक्क दिले. संस्था, सामाजिक कार्यकर्ते आणि वकील यांची मदत घेणे हा पीडिताचा हक्क म्हणून कलम १५-अ मध्ये लिहिला गेला. १९९५ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात दक्षता व संनियंत्रण समिती असते. तिची बैठक दर तीन महिन्यांनी झाली पाहिजे, आणि तिच्यावर अशासकीय सदस्यही असतात. आपल्या जिल्ह्याच्या समितीवर कोण आहे, तिची शेवटची बैठक कधी झाली, हे वाचकहो, आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? जयंतीच्या कमानीवर कोणाचा फोटो मोठा यावर आपले गट फुटतात. तारखेला न्यायालयात हजर राहायला मात्र त्याच गटांना माणूस मिळत नाही. फिर्यादी एकटा पडतो, साक्षीदार फिरतो, आरोपी सुटतो, आणि मग आपण न्यायव्यवस्थेवर कविता लिहितो. विद्रोहाची भाषा आपल्याला उत्तम येते. नोंदवही ठेवण्याची शिस्त आपण गमावत चाललो आहोत.

माझ्या वर्गात चाकण-भोसरीच्या कारखान्यांतून रात्रपाळी करून येणारी कंत्राटी कामगार मुले असतात. कोणाच्या हातात नेमणुकीचा कागद नसतो, कोणाची हजेरी दुसऱ्याच्या नावावर लागते. त्यांना मी मानवी हक्कांचा जाहीरनामा शिकवतो तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर तीच शंका असते, जी कोणत्याही चमत्कारकथेने शहाण्या माणसाच्या मनात यावी: हे सगळे आम्हाला देणार कोण? त्यांना मी सांगतो की देणारा कोणी नाही, आणि वर येऊन वाचवणारे पाणीही नाही. मग पगाराची पावती, हजेरीचा फोटो, तक्रारीची पोच असे कागद जपून ठेवायला सांगतो, आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या तक्रारीवर साक्षीदार म्हणून सही करायला सांगतो. ही सही करताना हात थरथरतो. सुरेखाबाईंचे काय झाले हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणूनच सही एकट्याची असू नये. चौदा सह्या असतील तर चौदाही जणांना कामावरून काढणे ठेकेदाराला जड जाते.

देहूला दरवर्षी लाखो माणसे येतात आणि वह्या ज्या डोहात बुडाल्या तो डोह पाहून हात जोडतात. त्यांच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही. माझे म्हणणे इतकेच की, त्या डोहापासून काही कोसांवर सुदुंबरे आहे, तेथेही जावे. एका बाजूला तर्कटी निवाडा आणि दुसऱ्या बाजूला तेल्याच्या घरातली एक वही, अशी ती लढाई होती, आणि वही जिंकली. आपल्या काळातला निवाडा बदललेला नाही. वही कोणाच्या घरात आहे, हे प्रत्येकाने आपल्यापुरते तपासावे.